गोव्यातील एच.आय.व्ही.बाधितांचे सक्तीचे विलगीकरण (१९८९) : वैद्यकीय अनिश्चितता आणि कायदा

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांबाबत शासनसंस्थेची पहिली प्रतिक्रिया बहुधा रोग्यास वेगळे काढण्याचीच राहिली आहे. ब्रिटिश अमदानीत १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यान्वये वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू झाली. रोगी ठरलेल्या स्त्रीस ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये ठेवले जाई, तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाच्या तपासणीची तरतूद मात्र नव्हती. १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी त्यामागील विचारपद्धती टिकून राहिली. शंभर वर्षांनी गोव्यात तिचा पुन्हा प्रत्यय आला.

भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे निदर्शनास आला. हे संशोधन करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबातील. त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले होते. याच काळात गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती होऊन बाधित व्यक्तीस विलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी डॉमिनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणास पोलिसांनी ताब्यात घेतले. ते नियमित रक्तदान करीत आणि रक्तदानामुळेच त्यांचा संसर्ग उघड झाला होता. म्हापसा येथील क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत त्यांना ६४ दिवस पहाऱ्यात ठेवण्यात आले.

या विषाणूविषयी तेव्हा सारेच अज्ञात होते, असे समर्थन पुढे केले जाते. ते पूर्णतः ग्राह्य नाही. लैंगिक संबंध, बाधित रक्त आणि मातेकडून अपत्यास, हे संसर्गाचे मार्ग तोपर्यंत निश्चित झाले होते. सहवासाने वा स्पर्शाने तो होत नाही, हेही ज्ञात होते. खरी अनिश्चितता निराळीच होती. बाधित व्यक्ती केव्हा आजारी पडेल, हे सांगता येत नव्हते. शिवाय संसर्गानंतर प्रतिपिंडे तयार होईपर्यंतचे काही आठवडे चाचणी नकारात्मक येऊ शकते. म्हणजे चाचणीत सापडलेल्यास कोंडून न सापडलेल्यांपासून समाजाचे रक्षण होणे शक्यच नव्हते. उलट, चाचणीचे फळ जर पहारा असेल, तर चाचणीस स्वेच्छेने कोण येणार?

डिसोझा यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे या तरतुदीस आव्हान दिले. विलगीकरणाविषयी मतभेद असू शकतात, हे लक्षात घेऊनही न्यायालयाने तरतूद वैध ठरविली. व्यक्तीचा हक्क आणि लोकहित यांत संघर्ष आल्यास लोकहितास प्राधान्य, ही त्यामागील भूमिका. वैद्यकीय शंकेचा लाभ येथे रोग्यास न मिळता शासनास मिळाला. मात्र दरम्यान कायद्यात बदल होऊन विलगीकरण अनिवार्य न राहता ऐच्छिक झाले होते.

सुटकेनंतर डिसोझा यांनी बाधितांच्या हक्कांसाठी कार्य केले. ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. मे १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास उपलब्ध झाले. संसदेने २०१७ मध्ये संमत केलेला एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यान्वये चाचणीस व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आवश्यक असून, बाधितास विलग ठेवणे हा भेदभावाचा प्रकार मानण्यात आला आहे.