वास्तुकाराचे प्रदर्शन कसे मांडावे?



चित्रकाराचे प्रदर्शन मांडणे त्या मानाने सोपे. चित्रे आणली, भिंतीला टांगली, खाली नावे लिहिली की काम झाले. पण ज्याने घरे बांधली, त्याचे प्रदर्शन कसे मांडावयाचे? घर उचलून आणता येत नाही. आणता येतात ते नकाशे, छायाचित्रे आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृती. त्यांत राहणारा माणूस तेवढा बाहेर राहतो. मी वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. माझे आयुष्य कामगारांच्या चाळींत, सभांत आणि वाटाघाटींत गेले. वाचन झाले ते रात्रीचे. तथापि डोक्यावरच्या छपराचा प्रश्न कामगाराइतका कुणालाच जवळचा नसतो. म्हणून चार्ल्स कोरिया यांच्या निमित्ताने हा विषय आपणांपुढे ठेवतो.

कोरिया मूळचे गोव्याच्या घराण्यातले. जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. अमेरिकेत शिकून ते परतले आणि १९५८ साली त्यांनी मुंबईत व्यवसाय मांडला. २०१५ साली ते मुंबईतच वारले. त्यांनी आपल्या नकाशांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश वास्तुकार संस्थेला दिला. सहा हजारांहून अधिक रेखाटने. त्या संस्थेने २०१३ साली त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. हा मान मोठाच. परंतु कागद लंडनला गेले, तरी घरे आणि त्या घरांचे प्रश्न इथेच आहेत. तेव्हा आपल्याकडील प्रदर्शन कागदापासून नव्हे, तर प्रश्नापासून सुरू झाले पाहिजे.

दुसऱ्याचा गौरव वास्तूतून कसा करावा, याचा धडा खुद्द कोरियांनीच घालून दिला आहे. साबरमतीच्या आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय त्यांचे. १९६३ साली पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. तेथे उंच घुमट नाही, संगमरवर नाही. सहा मीटर लांबी-रुंदीचे चौक, विटांच्या भिंती, कौलांची छपरे, काचेऐवजी लाकडी झडपांच्या खिडक्या आणि मध्ये पाण्याचा चौक. काही चौक झाकलेले, काही आकाशाला उघडे. पुढे गरज पडली तर आणखी चौक जोडता यावेत, अशी रचना. ज्याचे स्मारक त्याच्याच मापाचे असावे, हा त्याचा अर्थ.

हेच माप लावून मी प्रदर्शनाची तीन दालने सुचवितो.

पहिले दालन अंगणाचे. १९८३ ते १९८६ या काळात कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला कमी उंचीची वसाहत उभी केली. सात घरे आणि त्यांच्यामध्ये आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद असे सामाईक अंगण, ही तिची मूळ रचना. प्रत्येक घराची भिंत स्वतःची, शेजाऱ्याशी जोडलेली नाही. कारण मिळकत वाढली की घरही वाढविता आले पाहिजे. पुढे तसेच झाले. अनेक मूळ घरे पाडून लोकांनी मोठी बांधली. प्रदर्शनात हे लपवू नये. जुने छायाचित्र आणि नवे शेजारी शेजारी लावावे. आणि ते अंगण प्रतिकृतीत न दाखविता जमिनीवर फक्कीने पूर्ण मापाचे आखावे. कबड्डीच्या मैदानाहूनही ते लहान आहे! आत उभे राहिले की मनुष्य आपोआप हिशेब करू लागेल, की इथे पापड वाळत घातले तर पोरांनी खेळावे कुठे? ओटी, पडवी, अंगण ओळखणाऱ्या आपल्या तालुक्यातील माणसाला नकाशा वाचता आला नाही, तरी अंगण वाचता येते.

दुसरे दालन पदपथाचे. १९६८ साली कोरियांनी मुंबईच्या फोर्ट भागासाठी एक सूचना केली. रस्त्याकडेला सुमारे दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच ओटा बांधावा. दिवसा त्यावर फेरीवाल्यांनी बसावे, सायंकाळी तो नळाच्या पाण्याने धुवावा, रात्री तेथे बेघरांनी निजावे. गरिबी यामुळे हटत नाही. परंतु रस्त्यावर निजणारा माणूस हाही नगराचा रहिवासी आहे, एवढे ती मान्य करते. हा ओटा लाकडाचा करून दालनात ठेवावा आणि लोकांना त्यावर बसू द्यावे.

तिसरे दालन गिरणगावाचे. आणि तेच खरे परीक्षेचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनीचे मोल चढत गेले. १९९१ च्या नियमाने वाटणी ठरली: एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. १९९६ साली शासनाने कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. प्रत्येक गिरणीचा तुकडा वेगळा न पाहता सर्व जमिनींचा एकत्र आराखडा करावा, म्हणजे बागा आणि घरे सलग होतील, हे त्याचे सार होते. ते अमलात आले नाही. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालच्या नव्हे. आता गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ साली हा अर्थ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो मान्य केला. या दालनात दोन नकाशे समोरासमोर लावावेत: झाले असते ते आणि झाले ते. शेजारी जुन्या कामगारांचे ध्वनिमुद्रित बोल असावेत. वास्तुकाराचा सन्मान केवळ उभ्या राहिलेल्या इमारतींनी होत नाही. त्याचे जे ऐकले गेले नाही, तेही मांडावे लागते.

कुणी म्हणेल, सापगावात हे कशाला? आपल्या भातशाचे पाणी मुंबई पिते. २०२५ साली समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच गेला. शहर आपल्या दाराशी आले आहे, आणि जमिनींचे सौदे त्याच्याही पुढे धावत आहेत. मोकळी जागा कुणाची, घर कुणाचे, रस्ता कुणाचा, हे प्रश्न गिरणगावाने उशिरा विचारले. आपल्याला अजून वेळ आहे. म्हणून असे प्रदर्शन मुंबईच्या संग्रहालयात भरण्याआधी एखाद्या तालुक्याच्या शाळेत, फक्कीची रेघ ओढून, खुशाल भरावे. त्याला फारसा पैसा लागत नाही.