घरात कोणता टीव्ही घ्यावा? प्लाझ्माचा उदयास्त आणि मराठवाडा

१/
२००७ च्या दसऱ्याला तुळजापुरातील एखाद्या घराने नवा टीव्ही घ्यायचा ठरवला असता, तर त्याच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, जुना काचेच्या पिक्चर ट्यूबचा संच. दुसरा, एलसीडी. तिसरा, भिंतीवर टांगता येणारा प्लाझ्मा. केवळ चित्राचा दर्जा पाहिला तर प्लाझ्मा उजवा होता. तरीही त्यानंतर सात वर्षांतच जगातील मोठ्या उत्पादकांनी तो बनवणे थांबवले. असे का घडले, हे या धाग्यात पाहू.

२/
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेतून सांगितला जातो: शोध कोणी लावला, पेटंट कोणाचे. आपण तो घराच्या उंबरठ्यावरून पाहणार आहोत. वीज किती तास असते, प्रक्षेपण कसे येते, खोलीत उजेड किती, खिशात पैसे किती, हे प्रश्न इथे निर्णायक ठरतात. शिवाय या कथेत मराठवाडा केवळ ग्राहक नव्हता, टीव्ही बनवणाराही होता.

३/
प्रथम शोधाची हकिकत. १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी प्लाझ्मा पडदा तयार केला. त्यांचा हेतू करमणुकीचा नव्हता. ‘प्लेटो’ या संगणकाधारित शिक्षणप्रणालीसाठी त्यांना असा पडदा हवा होता, जो एकदा उमटलेले चित्र स्वतःच धरून ठेवील. चित्र धरून ठेवण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे वेगळेच रूप दिसेल.

४/
त्याचे कार्य असे. काचेच्या दोन तावदानांमध्ये लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत निऑन व झेनॉन वायू भरलेला असतो. विजेचा दाब दिला की वायूचे प्लाझ्मात रूपांतर होऊन अतिनील किरण निघतात. ते कप्प्याच्या आतील लाल, हिरव्या किंवा निळ्या लेपावर पडले की रंगीत प्रकाश उमटतो. म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. जिथे काळे हवे, तिथे कप्पा जवळजवळ विझतो. प्लाझ्माचा काळा रंग इतका गहिरा दिसे तो यामुळेच.

५/
प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात यायला या पडद्याला तीन दशके लागली. फुजित्सूने १९९२ मध्ये २१ इंची पूर्ण रंगीत पडदा आणला आणि १९९७ च्या सुमारास ४२ इंची प्लाझ्मा संच बाजारात आले. अमेरिकेत अशा एका संचाची किंमत जवळपास १५,००० डॉलर होती. तेव्हा ती वस्तू घराची नव्हती. ती विमानतळांची, हॉटेलांची आणि बड्या कार्यालयांची होती.

६/
आता बालाघाटाच्या डोंगरावर येऊ. दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सामुदायिक संच लावले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातील गुलबर्गा मात्र होता, आणि तो जिल्हा धाराशिवला (तेव्हाचे उस्मानाबाद) लागूनच आहे. सीमेपलीकडची खेडी उपग्रहावरून चित्रे पाहत होती, तेव्हा अलीकडे रेडिओच होता.

७/
चित्र पालटले ते १९८० च्या दशकात. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, त्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला. पाठोपाठ देशभर लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. छपरावर ॲल्युमिनियमचा अँटेना आणि खाली ‘आलं का?’ असे विचारणारी मंडळी, हे दृश्य त्या काळाचे. दशकाच्या मध्यापर्यंत संच बाळगायला परवानाही लागत असे.

८/
२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९८८ रोजी ‘महाभारत’. देशात अनेक ठिकाणी मालिकेपूर्वी संचाला हार घातला जाई. ज्याच्या घरी टीव्ही, त्याचे घर रविवारी सकाळी आळीचे होई. पाहणारे समोरच बसत असे नाही. ते जमिनीवर, कोपऱ्यात, दारात, खिडकीबाहेरही असत. आपल्याकडे टीव्ही ही एका कुटुंबाची वस्तू होण्याआधी शेजाराची होती.

९/
याच दशकात मराठवाड्याने टीव्ही बनवायला घेतला. नंदलाल धूत यांच्या कुटुंबाने औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉनची उभारणी केली. जपानच्या तोशिबाचे तांत्रिक सहकार्य घेतले आणि पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे कारखाना चालवला. १९९० च्या दशकात बीपीएल व ओनिडा यांच्याबरोबर व्हिडिओकॉन हे देशातील अग्रगण्य नाव होते. मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागातून निघालेले संच भारतभर जात होते.

१०/
त्या संचांचा प्राण म्हणजे पिक्चर ट्यूब. तिच्या मागच्या टोकातून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत समोरच्या काचेवरील लेपावर आदळून चित्र काढतो. संच अवजड आणि मागे फुगलेला, पण सोशीक. दाब थोडा कमीजास्त झाला तरी तो तग धरी. बिघडलाच, तर तालुक्याच्या गावचा मेकॅनिक मागचे झाकण उघडून, डाग देऊन तो चालू करी. दुरुस्ती गावातच होणे हे त्या संचाचे मोठे बलस्थान होते.

११/
प्लाझ्मा भारतात आला तो अशा घरांच्या तुलनेत. २००५ च्या सुमारास ४२ इंची संचाची किंमत एक लाख रुपयांच्या आसपास वा त्याहून अधिक होती. परंतु महाग वस्तू कालांतराने स्वस्त होते, आणि प्लाझ्माही झाला. म्हणून केवळ किंमत हे त्याच्या अस्ताचे पुरेसे कारण नाही. किंमत उतरल्यावरही ज्या अडचणी उरल्या, त्या अधिक महत्त्वाच्या आहेत.

१२/
पहिली अडचण विजेची. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची होती आणि ग्रामीण भागाला त्याची झळ सर्वाधिक बसली. ४२ इंची प्लाझ्मा उजळ दृश्यात सुमारे ३०० वॅट वीज घेई, २१ इंची ट्यूबचा संच सुमारे ८०. रोज पाच तास धरले तर महिन्याला एकीकडे ४५ युनिट, दुसरीकडे १२. बिल देता आले तरी लहान इन्व्हर्टरवर ३०० वॅटचा भार फार काळ टिकत नाही. ज्या घरात दोन पंखे, तीन दिवे आणि टीव्ही यांतून निवड करायची होती, तिथे हा आकडाच निकाल देई.

१३/
दुसरी अडचण प्रक्षेपणाची. आपल्या प्रक्षेपणात चित्राच्या दृश्य रेषा ५७६. सुरुवातीच्या अनेक प्लाझ्मा पडद्यांवर उभे ठिपके होते ४८०. म्हणजे लाखाचा पडदा येणारे चित्रही पुरते दाखवत नव्हता. त्यात केबलचे मुंग्या येणारे चित्र ४२ इंचांवर ताणले की दोष ठळक होत. भारतात एचडी प्रक्षेपणाला गती मिळाली ती २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांपासून. तोवर प्लाझ्माच्या आयुष्याची चारच वर्षे उरली होती.

१४/
तिसरी अडचण खास आपल्याकडची. प्लाझ्मावर एकच आकृती तासन्‌तास राहिली तर तेथील लेप असमान झिजतो आणि तिचा ठसा पडद्यावर राहतो. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, तर २००८ मध्ये आयबीएन लोकमत या वृत्तवाहिन्या आल्या. कोपऱ्यात स्थिर बोधचिन्ह, तळाशी अखंड पट्टी, आणि घरात दिवसभर बातम्या. १९६४ मध्ये जो पडदा चित्र धरून ठेवतो म्हणून हवा होता, त्याचे चित्र न सोडणे आता दोष ठरले.

१५/
त्यात आणखी एक भर. चित्र ४:३ मापाचे आणि पडदा १६:९ चा. मूळ मापात पाहिले तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे, मधला भाग अधिक झिजणार. पडदाभर ताणले तर माणसे बुटकी व रुंद दिसणार. बहुतेक घरांनी माणसे रुंद करून घेतली. प्लाझ्मा नीट सांभाळायचा तर चकाकी कमी ठेवा, वाहिनी बदलत राहा, पहिले काही आठवडे जपून वापरा, असे सांगितले जाई. टीव्ही पाहण्यासाठी असतो की जपण्यासाठी, असा प्रश्न पडावा अशी ही पथ्ये होती.

१६/
न्यायाने त्याचे गुणही सांगायला हवेत. प्लाझ्मा कोणत्याही कोनातून सारखाच दिसे, तर त्या काळच्या स्वस्त एलसीडीचे रंग बाजूने पाहताच फिके पडत. जिथे माणसे जमिनीवर, पलंगावर आणि दारात बसून पाहतात, तिथे हा गुण मोलाचा होता. धावता चेंडूही प्लाझ्मावर स्वच्छ दिसे. जाड भिंतींच्या वाड्यातील अंधारे माजघर तर त्याला उत्तम. पण टीव्ही माजघरात नव्हे, बाहेरच्या खोलीत असतो. तिथे दार दिवसभर उघडे, आणि प्लाझ्माच्या काचेवर अंगणाचा उजेड चकाकतो.

१७/
शेवटची अडचण आकाराची. प्लाझ्माचे कप्पे एका मर्यादेपलीकडे लहान करणे कठीण व खर्चिक होते, म्हणून तो मोठ्या पडद्यांतच शोभे. भारतीय घराला हवा होता ३२ इंच किंवा त्याहून लहान संच. एलसीडी त्या आकारात सहज बनत होता. मागे एलईडी दिवे आल्यावर तो पातळ, हलका आणि वीज वाचवणारा झाला. भ्रमणध्वनी, संगणक आणि टीव्ही या तिन्हींसाठी तेच तंत्र वापरात असल्याने त्याचे कारखाने अवाढव्य झाले व भाव उतरत गेले.

१८/
आता मराठवाड्याच्या पैजेकडे. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जागतिक व्यवसाय घेतला. त्यात इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीन येथील कारखाने होते. हिशेब वरकरणी चुकीचा नव्हता. श्रीमंत देश ट्यूब सोडतील, पण भारतासारख्या देशांत ती दीर्घकाळ विकली जाईल आणि उरलेल्या बाजारावर आपले प्रभुत्व राहील. आतापर्यंत पाहिलेल्या साऱ्या अडचणी या तर्काच्या बाजूनेच होत्या.

१९/
ट्यूब प्लाझ्मापुढे टिकली खरी, परंतु एलसीडीपुढे टिकली नाही. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगात एलसीडीची विक्री प्रथमच ट्यूबच्या पुढे गेली. यंत्रे आणि काच यांच्याबरोबर माणसांचे कौशल्यही एका पिढीत निरुपयोगी ठरले. व्हिडिओकॉनने पुढे तेल, दूरसंचार अशा क्षेत्रांतही हात घातला, कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. केवळ ट्यूबमुळे हे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण चितेगावच्या कामगाराला त्याची किंमत मोजावी लागली, हे विसरून चालणार नाही.

२०/
प्लाझ्माचा अस्तही याच दरम्यान झाला. ज्याच्या ‘कुरो’ संचांची (जपानीत कुरो म्हणजे काळा) रसिक आजही आठवण काढतात, त्या पायोनियरने २००९ मध्ये टीव्ही व्यवसाय सोडला. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबवले. सॅमसंग आणि एलजी यांनी २०१४ मध्ये पूर्णविराम दिला. ज्यांच्या भिंतीवर प्लाझ्मा होता, त्यांच्या हाती उत्तम चित्र राहिले, पण सुटा भाग मिळण्याची शाश्वती गेली. ट्यूबचा मेकॅनिक त्यावर डाग देऊ शकत नव्हता.

२१/
कल्पना मात्र मेली नाही. आजच्या ओएलईडी पडद्यांतही प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. गहिऱ्या काळ्या रंगाचे आणि रुंद कोनाचे जे कौतुक आज होते, ते प्लाझ्माचेच होते. ठसा उमटण्याची भीतीही वारशाने आली आहे. फरक एवढाच की आता वीज अधिक नियमित आहे, चित्र अधिक स्वच्छ येते आणि कमी विजेत भागते. प्लाझ्माला यांपैकी काहीच वेळेवर मिळाले नाही.

२२/
म्हणून ‘सर्वोत्तम तंत्र जिंकते’ हे वाक्य सावधपणे वापरावे. तंत्र ज्या घरात जाते, त्या घराची वीज, उजेड, माणसे आणि दुरुस्तीची सोय त्याची परीक्षा घेतात. ती परीक्षा सोपी आहे असे समजून ट्यूबवर विसंबलेली कंपनीही बुडाली.

२३/
जाता जाता एक काम. आपल्या घरी पहिला टीव्ही कोणत्या साली आला, कुठून आणला, धाराशिवहून की सोलापूरहून, हप्त्यांवर की रोखीने, आणि आळीतील कोण कोण पाहायला येत असे, हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. जुनी पावती, हमीपत्र वा परवान्याचे पुस्तक सापडले तर रद्दीत देऊ नका. घरगुती वस्तूंचा इतिहास अशाच कागदांवर उभा राहतो. मिळालेली माहिती खाली जरूर लिहा. धागा समाप्त.