धानाची गोणी, शिधापत्रिका आणि बाहेरचा साक्षीदार

३ मे २०२५ रोजी नवा रायपूरच्या सेक्टर २२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या विदा केंद्राची, म्हणजेच डेटा सेंटरची, पायाभरणी झाली. साडेतेरा एकरांचे संकुल आणि सुमारे एक हजार कोटी रुपयांची गुंतवणूक यांमुळे ही बातमी देशभर पोहोचली. छत्तीसगढमध्ये विदेचे युग आता सुरू होत आहे, असा सूर अनेक वृत्तांतांत उमटला. वस्तुतः विदेच्या आधारे एक अवाढव्य यंत्रणा नव्याने घडवण्याचा प्रयोग याच राज्यात अठरा वर्षांपूर्वी सुरू झाला होता. त्याचा कच्चा माल होता धान, आणि कसोटी होती गरिबाच्या घरी पोहोचणारा तांदूळ. त्या प्रयोगाचे यश आणि मर्यादा दोन्ही समजून घेणे आज अधिक गरजेचे आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळे झाले. त्याआधीच्या काळात, १८६१ पासून १९५६ पर्यंत, हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा आणि पुढे त्याच्या जागी आलेल्या राज्याचा भाग होता. भंडारा-गोंदियाप्रमाणेच येथील शेतकऱ्याचे सारे गणित धानावर चालते. नव्या राज्याने धान स्वतः खरेदी करायचे, गिरण्यांतून त्याची भरडाई करून घ्यायची आणि तोच तांदूळ रास्त भाव दुकानांतून वाटायचा, अशी पद्धत स्वीकारली. कागदावर ही साखळी सुबक होती. प्रत्यक्षात मात्र शासकीय गोदामातून निघालेल्या धान्यापैकी बरेचसे वाटेतच खुल्या बाजाराकडे वळत असे. दुकान चालवणारा खासगी परवानाधारक मागणी कळवी, आणि ती खरी की खोटी हे तपासण्याचे साधन तालुक्याच्या कचेरीत नसे.

पहिली सुधारणा संगणकाची नव्हती. २००४ च्या आदेशाने रास्त भाव दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून घेण्यात आली आणि ग्रामपंचायती, सहकारी संस्था, महिला बचत गट यांच्याकडे सोपवण्यात आली. दुकानदाराचे कमिशनही वाढवले गेले, कारण प्रामाणिकपणे दुकान चालवून पोट भरत नसेल तर चोरी हाच व्यवसाय होतो. पुढे २००७ मध्ये तीन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना आली आणि लाभार्थ्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढली. ज्या गावात बहुतेक घरांना रेशन मिळते, तेथे ते बंद पडले तर साऱ्या गावाचा आवाज उठतो.

याच टप्प्यावर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या रायपूर येथील अभियंत्यांनी खाद्य विभागासाठी संगणक प्रणाली रचली. २००७ च्या खरीप हंगामापासून राज्यातील दीड हजारांहून अधिक खरेदी केंद्रांवर प्रत्येक शेतकऱ्याच्या धानाचे वजन संगणकात नोंदले जाऊ लागले, आणि त्या नोंदीवरूनच त्याचा धनादेश छापला जाऊ लागला. अनेक केंद्रांवर इंटरनेटची जोडणी नव्हती. अशा ठिकाणची दिवसभराची नोंद मोटारसायकलवरून जाणारा दूत जवळच्या जोडणीच्या ठिकाणी पोहोचवी. जोडणी येईपर्यंत थांबायचे नाही, हा निर्णय त्या प्रणालीच्या रचनेतील सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

प्रणालीचा गाभा रसायन अभियांत्रिकीतील एका जुन्या तत्त्वासारखा होता. यंत्रात जेवढे द्रव्य शिरते तेवढ्याचा हिशेब बाहेर लागलाच पाहिजे. शंभर क्विंटल धान गिरणीत गेले, तर शासकीय प्रमाणानुसार सदुसष्ट क्विंटल कच्चा तांदूळ परत आला पाहिजे. तो गोदामात किती जमा झाला, कोणत्या वाहनातून किती निघाला आणि कोणत्या दुकानात किती उतरला, हे सारे एका साखळीत बांधले गेले. दुकानाला किती धान्य द्यायचे हे आता दुकानदाराच्या अर्जावर ठरत नसे. त्या दुकानाशी जोडलेल्या शिधापत्रिकांची संख्या घ्यायची, त्यातून मागील महिन्याचा शिल्लक साठा वजा करायचा आणि उरलेला आकडा म्हणजे त्या महिन्याचे नियतन. हे गणित प्राथमिक शाळेतील आहे. मात्र ते करण्यासाठी राज्यातील सर्व शिधापत्रिका एकाच नोंदसंग्रहात असणे आवश्यक होते, आणि तेच काम तोवर झालेले नव्हते.

याला जोड मिळाली ती साध्या उपायांची. धान्य वाहणाऱ्या मालमोटारींना पिवळा रंग देण्यात आला, म्हणजे आडवाटेला उभी असलेली गाडी कोणत्याही गावकऱ्याला ओळखता यावी. गोदामातून गाडी निघाली की नाव नोंदवलेल्या नागरिकांच्या मोबाइलवर संदेश जाऊ लागला. महिन्याच्या आरंभी ‘चावल उत्सव’ भरवून सर्वांसमक्ष वाटप होऊ लागले. संगणकातील नोंद आणि गावकऱ्याचे डोळे असे दोन साक्षीदार एकाच व्यवहाराला मिळाले.

हे यश होते, असे म्हणायला आधार कोणता? प्रणालीने स्वतः छापलेले अहवाल पुरेसे नव्हते, कारण कोणतीही यंत्रणा आपल्या नोंदींत बहुधा नीटनेटकीच दिसते. आधार मिळाला तो बाहेरून. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे कर्मचारी घरोघरी जाऊन कुटुंबाने मागील महिन्यात काय खाल्ले, त्यातले रेशन दुकानातून किती आले, हे विचारतात. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थशास्त्रज्ञांनी शासकीय गोदामातून उचललेले धान्य आणि घरांनी मिळाल्याचे सांगितलेले धान्य यांची तुलना केली. २००४-०५ मध्ये छत्तीसगढमध्ये सुमारे निम्मे धान्य घरापर्यंत पोहोचत नव्हते. २००९-१० मध्ये ही गळती सुमारे एक दशांशावर आली होती. त्याच वर्षी देशाची सरासरी चाळीस टक्क्यांहून अधिक होती. या घटीचे श्रेय केवळ संगणकाला देता येत नाही. दुकानांची मालकी, कमिशन, दर आणि लाभार्थ्यांची व्याप्ती यांचा वाटा मोठा होता. परंतु घट झाली हे निश्चितपणे सांगता आले, ते ज्यांचा खाद्य विभागाशी काहीच संबंध नव्हता अशा लोकांनी गोळा केलेल्या विदेमुळे.

या बाहेरच्या साक्षीदाराची परंपरा भारतात जुनी आहे, आणि तिच्यात मराठी माणसांचा वाटा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. एकाच क्षेत्राचे दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या पथकांकडून मोजून घ्यायचे आणि त्यांतील तफावतीवरून चुकीचा अंदाज बांधायचा, ही त्यांची पद्धत होती. त्याच काळात सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची पद्धत घडवत होते. शेतात यादृच्छिक रीतीने एक तुकडा निवडायचा, तेवढेच पीक कापून, मळून, वजन करायचे आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पन्न काढायचे.

सुखात्मे यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट विदेवर काम करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. मोजणीचा तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते. लहान तुकड्यात क्षेत्रफळाच्या मानाने कडा लांब असते, आणि कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. यात कोणाची लबाडी नसते. तरीही अशा हजारो तुकड्यांची बेरीज केल्याने चूक नाहीशी होत नाही. ती सर्वत्र एकाच दिशेने असल्याने केवळ अधिक ठाम होते. विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला शेतीविषयक संख्याशास्त्राचा ग्रंथ पुढे कृषी संशोधकांच्या पिढ्यांनी वापरला. विदेचे प्रमाण वाढवणे आणि विदा खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही शिकवण अशी आपल्याकडे संगणकापूर्वीच रुजली होती.

छत्तीसगढच्या पुढील वाटचालीत ती कधी पाळली गेली, कधी विसरली गेली. २०१२ मध्ये रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ नावाचा प्रयोग सुरू झाला. त्यात शिधापत्रिकाधारकाला आपल्या पसंतीच्या कोणत्याही दुकानातून धान्य घेता येऊ लागले. या रचनेतील कल्पकता अशी की, दुकानदार कसा वागतो हे तपासायला निरीक्षक पाठवण्याची गरज कमी झाली. माप मारणाऱ्या दुकानाकडे ग्राहक पाठ फिरवतात, आणि त्यांची घटती संख्याच त्या दुकानाविषयीची साक्ष होते. येथे विदा निर्माण करणारा दुकानदार नव्हता, त्याच्यापासून स्वतंत्र असलेला ग्राहक होता.

याच वर्षी राज्याचे मंत्रालय रायपूरहून नवा रायपूरच्या महानदी भवनात आले आणि डिसेंबरमध्ये राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. त्यानंतर मात्र नव्या शिधापत्रिकांचा पूर आला. २०११ च्या जनगणनेत राज्यातील कुटुंबे सुमारे ५६ लाख होती. शिधापत्रिकांची संख्या ही मर्यादा ओलांडून गेली. संगणकाने एकही तक्रार केली नाही, कारण प्रत्येक पत्रिका नियमानुसार भरलेली होती. नियतनाचे गणित पूर्वीसारखेच बिनचूक चालू होते. त्यात पडणारा पहिला आकडाच फुगलेला होता. जनगणनेचा आकडा बाहेर उपलब्ध असताना तो प्रणालीत कोठेही ताडून पाहिला जात नव्हता. २०१४ मध्ये पडताळणीची मोहीम काढून लाखो पत्रिका रद्द कराव्या लागल्या. २००७ मध्ये जे तत्त्व गोणीला लावले गेले, ते पत्रिकेला लावायचे राहून गेले होते.

चुकीची दुसरी बाजू शेजारच्या झारखंडमध्ये दिसली. तेथे धान्य घेताना बोटांच्या ठशांनी ओळख पटवण्याची सक्ती झाली, तेव्हा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी तिचा शास्त्रशुद्ध प्रयोग म्हणून अभ्यास केला. या सक्तीने गळती सरासरीने घटल्याचे आढळले नाही. उलट, ज्यांच्या पत्रिका आधार क्रमांकाशी जोडलेल्या नव्हत्या त्यांच्यापैकी काहींचे धान्य थांबले. संख्याशास्त्र दोन प्रकारच्या चुका मानते. अपात्राला होकार ही एक आणि पात्राला नकार ही दुसरी. पहिली चूक साठ्याच्या तुटीतून कधीतरी हिशेबात उघड होते. दुसरीची नोंद ‘वितरण झाले नाही’ एवढीच राहते, आणि काही अहवालांत तर ती बचत म्हणून गणली जाते. रिकाम्या हाताने परतलेल्या बाईची साक्ष घ्यायला कोणी बाहेरून गेले नाही, तर ती विदेत कधीच दिसत नाही.

कोठूनही धान्य घेण्याची कल्पना पुढे ‘एक देश एक शिधापत्रिका’ या राष्ट्रीय योजनेत आली. ज्या राज्याने ती शहरभर राबवून दाखवली, ते छत्तीसगढ या राष्ट्रीय योजनेत फेब्रुवारी २०२२ मध्ये सामील झाले आणि राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून पस्तिसावे ठरले. आधी धावलेल्याला स्वतःची जुनी रचना मोडून सर्वांच्या रचनेत बसवावी लागते, असा अनुभव संगणकक्षेत्रात वारंवार येतो.

आज नवा रायपूरसमोर उभा असलेला प्रश्न पुन्हा धानाचाच आहे. २०२३-२४ पासून राज्य एकरी एकवीस क्विंटलपर्यंत धान क्विंटलला ३,१०० रुपये दराने घेते. त्या वर्षी केंद्राची साधारण धानाची आधारभूत किंमत २,१८३ रुपये होती. एवढी तफावत असली की सीमेपलीकडचे धान इकडे वळण्याचा मोह वाढतो, आणि म्हणून दर हंगामात सीमेवर तपासणी नाके बसतात. प्रणाली शेतकऱ्याची जमीन आणि पीक पाहणीची नोंद ताडून पाहते. परंतु एकवीस क्विंटल ही कमाल मर्यादा आहे, ते शेताचे मोजलेले उत्पन्न नाही. ज्याच्या शेतात एकरी चौदा क्विंटल पिकले, त्याच्या नावावर उरलेल्या सातांना वाव राहतो, आणि संगणकाच्या दृष्टीने तो व्यवहार निर्दोष असतो.

त्या शेतात खरोखर किती पिकले, याचे उत्तर विदा केंद्रातील कोणत्याही यंत्राकडे आपसूक येणार नाही. त्यासाठी कोणाला तरी बांधावर जावे लागेल, निवडलेला तुकडा कापावा लागेल आणि वजन करावे लागेल. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे प्रामाणिकपणे ठरवावे लागेल. उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पन्न ओळखायला शिकणारी नवी प्रणालीसुद्धा अखेर अशाच कापणीच्या आकड्यांवर पारखावी लागते. सेक्टर २२ मधील यंत्रे कितीही वेगवान असोत, त्यांच्या उत्तराची किंमत बाहेरच्या त्या साक्षीदारावरच ठरेल.