माग : शब्द एक, घराणी दोन

‘तो मागावर आहे’ हे वाक्य आपण पुण्यात ऐकले, तर कुणीतरी चोराच्या पाठीवर असावा असे समजाल. सोलापुरात साखर पेठेत हेच कानी पडले, तर तो बिचारा सकाळपासून चादर विणीत बसलेला असायचा!

आधी चोरवाला माग घेऊ. संस्कृत ‘मार्ग’चा प्राकृतात ‘मग्ग’ झाला, मराठीत ‘माग’. म्हणजे वाट; पुढे वाटेवर उमटलेली पावले, खूण. ज्याचा माग धरला तो पुढे, आणि आपण ‘मागे’. वाट शोधणे म्हणजे ‘मागणे’. शोधता शोधता त्याची झाली याचना. मग मुलीला मागणी, मालाला मागणी. ‘मागास’ही त्याच घरचा. केवढा गोतावळा!

विणकराचा माग मात्र या गोतात बसत नाही. सूत ज्या वाटेने जाते तो माग, अशी जुळवाजुळव कुणी करील. ऐकायला गोडही वाटेल. पण जरा शेजारी कान द्या. विणायच्या मागाला कानडीत म्हणतात ‘मग्ग’, तेलगूत ‘मग्गम्’. प्राकृत मग्ग म्हणजे रस्ता, कानडी मग्ग म्हणजे माग. उच्चार तोच, घराणे निराळे. आपला हा माग दक्षिणेकडचाच, असे माझे मत आहे. आणि त्यात कमीपणा तो कसला? सोलापूर तीन भाषांच्या तिठ्यावरच वसलेले. तेलंगणातून पद्मशाली विणकर इथे आले. खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायाखालच्या पट्ट्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा. घरात मग्गम् म्हणणाऱ्याला बाजारात माग म्हणायला कितीसा वेळ लागणार?

१८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि मागांना वाफेचे बळ मिळाले. पुढे मे १९३० मध्ये गांधीजींना अटक होताच गिरण्या ओस पडल्या, गोळीबार झाला, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. मागावर बसणाऱ्या गावाच्या मागावर आता सरकार होते! मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. ही चार नावेच पाहा, एका गावातली, आणि किती घरांची!