शेवटच्या खुर्चीतून मेहली मेहता

1940च्या आसपासची मुंबई. तुम्ही ट्रॅममधून उतरून सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये शिरता. दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेतली शेवटची खुर्ची रिकामी आहे, तिथे बसा. शेजारचा वादक गोव्याचा. स्वरलिपी तो गावच्या चर्चच्या शाळेत शिकला आणि पोट भरतो हॉटेलातल्या नाचाच्या बँडवर. पुढे काही हौशी पारशी, त्यांच्यापलीकडे हिटलरच्या तावडीतून निसटलेले एक-दोन युरोपी ज्यू. फुंकवाद्यं कमी पडली की नौदलाच्या बँडमधून माणसं मागवायची.

पहिल्या व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीवर बसलाय तो तिशीतला मेहली मेहता. व्हायोलिन तो बराचसा तबकड्या ऐकून, व्हायोलिनवादक हायफेट्झला दैवत मानून शिकलेला. 1935 साली त्यानं हा बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याचं व्हायोलिन तुम्ही ऐकलं असण्याची शक्यता आहे. सकाळी रेडिओ लावला की आकाशवाणीची जी ओळखधून वाजायची, ती वॉल्टर काऊफमान या निर्वासित संगीतकाराची. तिच्यातलं व्हायोलिन मेहलीचं, असं सांगतात.

तालीम चालू राहते, पण मधूनच एखादा सूर पोकळ पडतो, कारण तो वाजवणारा आज आलेलाच नाही. या शहरात वाद्यवृंद जमवायचा म्हणजे दर खेपेला नव्यानं घर बांधायचं. घरीही तेच. तिथेही तालमी चालतात आणि पायात घोटाळणारा त्याचा झुबिन नावाचा पोरगा त्या ऐकत वाढतो.

आता 1945. न्यूयॉर्क. बायको नि दोन मुलगे मुंबईत ठेवून 37 वर्षांचा हा गृहस्थ व्हायोलिनशिक्षक इव्हान गॅलामियनपुढे विद्यार्थी म्हणून उभा आहे. तुम्ही दाराशी थांबा, आत जाऊ नका. गॅलामियन गजाच्या हाताबद्दल कमालीचा काटेकोर. कोपर, मनगट, बोटं, सगळं सुटं करून पुन्हा जुळवायचं. ज्यानं स्वतःच्या शहरात वाद्यवृंद चालवला, त्यानं सरगमीपासून सुरुवात करायची! मला तर वाटतं, या माणसातला मास्तर इथेच घडला. हात कुठे अडतो हे ज्याला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं, त्याला पंधरा वर्षांच्या मुलाचा अडलेला हात लांबूनही दिसतो.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. मुंबईला परत, मग मँचेस्टर, बार्बिरोलींचा हॅले ऑर्केस्ट्रा. मग फिलाडेल्फिया, कर्टिस चौकडीत दुसरं व्हायोलिन.

1964 साली लॉस एंजेलिसमध्ये थांबा, कारण इथे घाई करून चालणार नाही. झुबिन दोनच वर्षांपूर्वी इथल्या फिलहार्मोनिकचा संगीत संचालक झालाय, त्यामुळे बाप पोराच्या सावलीत आला असं कुणी म्हणेलही. मला ते पटत नाही. 56व्या वर्षाच्या आसपास माणूस मानाची खुर्ची शोधतो; मेहलींनी विद्यापीठात शिकवायला घेतलं आणि अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली. इथे त्यांना ‘अहो’ म्हणावंसं वाटतं.

तालमीला चला. तीच शेवटची खुर्ची. शेजारच्या मुलीच्या हनुवटीखाली व्हायोलिनचा लाल वळ आहे. ब्राम्सची पहिली सिम्फनी निघते: तळाशी टिंपनी आणि डबल बास एकच सूर ठोकत राहतात, त्यावरून व्हायोलिनं अर्ध्या-अर्ध्या सुरानं वर चढतात, फुंकवाद्यं उलट उतरत येतात. मेहली थांबवतात. पुन्हा. पुन्हा थांबवतात. वय लहान म्हणून सूट नाही. चूक व्यावसायिकाची धरावी तशीच धरली जाते. तुम्हाला क्षणभर ते कठोर वाटतात. मग लक्षात येतं, मुलांना लहान समजणारा इथे कुणीच नाही आणि म्हणूनच ती ताठ बसलीत.

या वाद्यवृंदाची गंमत पाहा. दर मोसमात वाद्यं जुळून येईपर्यंत त्यातले चांगले वादक निघून जातात. कुणाला नोकरी लागते, कुणी मोठ्या ऑर्केस्ट्रात जागा पटकावतो. रिकाम्या खुर्च्यांवर नवी, कच्ची मुलं येतात. मुंबईत माणसं टिकेनात म्हणून ज्यांचा जीव मेटाकुटीला यायचा, त्यांनीच इथे माणसं जावीत यासाठी वाद्यवृंद काढलाय. मुलाच्या हाताखाली दहा-दहा वर्षं एकत्र मुरलेले वादक. बापाकडे सप्टेंबर आला की पुन्हा पहिला दिवस.

हे 33 वर्षं चाललं. 1998 साली, नव्वदीला टेकल्यावर, त्यांनी छडी खाली ठेवली. 2002 साली ते गेले. त्यांच्या नावाची संस्था 1995 पासून मुंबईत मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते, पण तिथे आज जायला नको. इकडे तालमीत मेहलींनी तिसऱ्यांदा थांबवलंय, दुसऱ्या व्हायोलिनांकडे बघताहेत, आणि तुमचा गज बाकीच्यांच्या उलट दिशेला चाललाय.