जनुकसंपादन संशोधनातील अनुदाने व फेलोशिप

जनुकसंपादन म्हणजे सजीवाच्या पेशीतील डीएनएमध्ये ठरवलेल्या जागीच बदल घडवणे. हे काम करणाऱ्या प्रयोगशाळांकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. अनुदान मिळते ते प्रकल्पाला : काय करणार, किती वर्षांत, कोणत्या टप्प्यावर किती खर्च, हे आधी लिहून द्यावे लागते आणि बहुधा ‘हे जमेल’ असे दाखवणारे प्राथमिक निष्कर्षही अर्जाला जोडावे लागतात. फेलोशिप मिळते ती व्यक्तीला, मग ती पीएच.डी. करणारी असो, पोस्टडॉक असो वा स्वतःची प्रयोगशाळा चालवणारी. वार्षिक वृत्तांतांत या दोहोंची यादी सत्कारसमारंभातल्या नामावळीसारखी छापली जाते आणि वाचणाराही ती तशीच ओलांडून पुढे जातो. जनुकसंपादनाच्या इतिहासात मात्र ही यादी पुरावा म्हणून वाचण्याजोगी आहे. या क्षेत्रातली निर्णायक पावले प्रामुख्याने माणसांवर लावलेल्या पैशातून पडली. प्रकल्पांवर लावलेला मोठा पैसा वाट दिसू लागल्यावर आला, असे या यादीवरून दिसते.

सर्वांत बोलका दाखला 2012 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधाचा. क्रिस्पर-कॅस9 हे जिवाणूंचे संरक्षक शस्त्र हव्या त्या ठिकाणी डीएनए कापायला वळवता येते, हे त्यात दाखवले होते; त्यासाठी इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. निबंधाच्या शेवटच्या ऋणनिर्देशात डाउडना आणि मार्टिन यिनेक यांच्या नावापुढे हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. व्हिएन्नातला विद्यार्थी क्रिश्तॉफ खिलिन्स्की ऑस्ट्रियाच्या आरएनए जीवशास्त्रविषयक डॉक्टरेट कार्यक्रमाचा फेलो होता. शार्पेंतिए यांच्या बाजूने ऑस्ट्रियाचा विज्ञान निधी, स्वीडनची संशोधन परिषद, केम्पे प्रतिष्ठान आणि उमेओ विद्यापीठ आहेत. औषध कंपनी एकही नाही. डाउडना यांचा मूळ विषय आरएनएची रचना. बर्कलीतल्याच जिलियन बॅनफिल्ड यांनी 2006 मध्ये क्रिस्परकडे लक्ष वेधले, तेव्हा डाउडना यांच्याकडे त्या विषयावरचे स्वतःचे काहीच काम नव्हते. प्रकल्प-अनुदान मागायचे तर नेमके तेच दाखवावे लागले असते. ह्यूज संस्थेने त्यांना 1997 पासून शास्त्रज्ञ म्हणून निवडलेले होते. ही संस्था माणूस निवडते आणि काही वर्षांसाठी (पूर्वी पाच, आता सात) पैसा बांधून देते; विषय बदलला म्हणून तो थांबत नाही. 2007 मध्ये डाउडना यांच्याकडे आलेला पोस्टडॉक ब्लेक विडेनहेफ्ट हाही लाइफ सायन्सेस रिसर्च फाउंडेशनच्या, ह्यूज संस्थेनेच पैसे दिलेल्या, फेलोशिपवर होता.

पुढच्या पिढीच्या शोधांतही हेच चित्र आहे, पण त्यात एक गुंता आहे. डीएनएचे दोन्ही धागे न तोडता एकच अक्षर बदलणारी ‘बेस एडिटिंग’ पद्धत 2016 मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड ल्यू यांच्या प्रयोगशाळेतून आली. निबंधाच्या पहिल्या लेखिका अलेक्सिस कोमोर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) किर्शस्टाइन पोस्टडॉक फेलोशिपवर होत्या. सहलेखकांपैकी एकाला कॅनडाची विद्यार्थिवृत्ती होती, तर दुसऱ्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची. पण अशा फेलोशिपमधून प्रामुख्याने माणसाचा चरितार्थ चालतो. विकरे, पेशीसंवर्धन, डीएनए अनुक्रमणाची बिले प्रयोगशाळेच्या अनुदानातूनच भरावी लागतात, आणि त्याच ऋणनिर्देशात एनआयएचचे प्रकल्प-अनुदान व ह्यूज संस्था हेही आहेत. म्हणून एकट्या फेलोशिपने शोध लागला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. फेलोशिपमुळे घडते ते एवढेच, की प्रयोगशाळाप्रमुखाच्या अनुदानावर पगारासाठी अवलंबून नसलेल्या तरुण संशोधकाला, अनुदानाच्या अर्जात नसलेला प्रश्न हाती घेणे परवडते. हे ‘एवढेच’ लहान नाही. अर्थात प्रमुखाची त्याला आडकाठी नसावी लागते.

यावरचा पहिला आक्षेप असा, की नामांकित संस्था आधीच हुशार ठरलेल्यांना निवडतात. मग यश पैशाच्या पद्धतीचे की निवडीचे? अर्थतज्ज्ञ पिएर आझुले व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ह्यूज शास्त्रज्ञांची तुलना सरसकट सगळ्यांशी केली नव्हती. कारकिर्दीच्या सुरुवातीला तशाच प्रतिष्ठेचे पुरस्कार मिळवून पुढे मुख्यतः एनआयएचच्या अनुदानांवर काम करणाऱ्यांशी केली होती. ह्यूजच्या गटाकडून अतिशय प्रभावी ठरलेले निबंध बरेच जास्त आले, आणि सपशेल पडलेलेही जास्त आले. दुसरा निष्कर्ष मला अधिक पटवणारा वाटतो. फरक निव्वळ हुशारीचा असता, तर अपयश कमी व्हायला हवे होते. ते वाढले, याचा अर्थ या माणसांनी धोका पत्करला. हा यादृच्छिक प्रयोग नव्हता, त्यामुळे शंकेला जागा उरतेच.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. व्यक्तीला दिलेला पैसा पुन्हा पुन्हा त्याच व्यक्तींकडे जातो. नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांवरचा 2018 चा अभ्यास सांगतो, की निवडरेषेच्या जेमतेम वर राहिलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत जेमतेम खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला. परीक्षकांनी दिलेले गुण जवळजवळ सारखेच असताना. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को मोहिका यांचे उदाहरण याच आक्षेपाला बळ देते. स्पेनमधल्या आलिकांते विद्यापीठात रुजू झाले तेव्हा त्यांना प्रयोगशाळा उभारायला पैसाही नव्हता आणि जागाही. ते संगणकावरच्या विश्लेषणाकडे वळले आणि जिवाणूंच्या क्रिस्परमधले डीएनएचे तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात, हे त्यांनी ताडले. निबंध अनेक नामांकित नियतकालिकांनी परत पाठवला. तो 2005 मध्ये छापून आला. पैशावाचूनही शोध लागतो, हा यातून काढलेला धडा फसवा आहे : लागला तो पैसा लागत नव्हता तेवढाच भाग. नागरिकत्वाची चाळणी वेगळीच. किर्शस्टाइन फेलोशिप अमेरिकेच्या नागरिकांना व कायम रहिवाशांनाच मिळते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून व्हिसावर गेलेल्या पोस्टडॉकला ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमसारख्या मोजक्या दारांवर किंवा प्रमुखाच्या अनुदानावरच विसंबावे लागते. प्रश्न निवडण्याचे स्वातंत्र्यही मग पासपोर्टप्रमाणे बदलते. हे दोष व्यक्तीला दिल्या जाणाऱ्या निधीच्या वाटपाचे आहेत. त्यावर उपाय फेलोशिप कमी करणे हा नव्हे, त्या अधिक लोकांना खुल्या करणे हा आहे.

भारतातून तिसरा आक्षेप निघतो : इथले उल्लेखनीय काम तर ठरलेल्या उद्दिष्टाच्या मोहिमेला दिलेल्या पैशातून झाले. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती, सौविक मैती आणि सहकाऱ्यांनी सिकलसेल आजारावरच्या मोहिमेत, एरवी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कॅस9 ऐवजी फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जिवाणूतले कॅस9 विकर निवडले. चुकीच्या जागी न कापण्याबाबत ते फार काटेकोर आहे, हे त्यांनी 2019 मध्ये दाखवले. सिकलसेलचा दोष ओळखण्यासाठी त्यावर उभी केलेली पद्धतच कोविडकाळात कोविड ओळखणारी ‘फेलुदा’ चाचणी झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या ‘बिरसा 101’ या सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासी वस्त्यांत हा आजार आहे आणि अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या क्रिस्पर उपचाराची किंमत 22 लाख डॉलर आहे, हे पाहता मोहिमेचे महत्त्व नाकारता येत नाही. पण मोहिमेने आजार ठरवून दिला होता, विकर नव्हे. अमेरिकेतही एनआयएचने जनुकसंपादनाच्या उपचारांसाठी सुमारे 19 कोटी डॉलरचा कार्यक्रम 2018 मध्ये जाहीर केला, म्हणजे 2012 च्या निबंधानंतर सहा वर्षांनी. प्रकल्पनिधी हत्यार रुग्णापर्यंत नेतो, आणि त्याला तोड नाही. कोणते हत्यार उचलायचे हे ठरवणाऱ्या माणसाचा पगार मात्र त्याआधीच कुठून तरी चालू असावा लागतो. आपल्याकडे तो कनिष्ठ संशोधकवृत्ती म्हणून 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, आणि तो वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी विद्यार्थी वारंवार करत असतात.