रत्नागिरीतील परदेशी राजा

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून आम्ही रत्नागिरीस गेलो ते समुद्रदर्शनासाठी. मनात घर केले ते थिबाच्या राजवाड्याने. ब्रह्मदेशाच्या या अखेरच्या राजास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. वाडा उभा राहिला १९१० साली! तोवर चोवीस वर्षे राजा अन्यत्र राहिला. खाली भाट्याची खाडी, पुढे अथांग सागर. परंतु परतीची वाट नाही. दिल्लीच्या बहादूरशहाला याच इंग्रजांनी रंगूनला धाडले होते, हा योगायोग खचितच नव्हे. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा येथेच निवर्तला. थोरली राजकन्या मायदेशी जाऊनही रत्नागिरीस परतली व १९४७ साली दारिद्र्यात वारली. थिबाच्या समाधीपाशी म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष आले ते २०१२ साली.